पहिली भाकरी
इथं शहरात द्वारका चौकातल्या खानावळीतून करपलेल्या नागलीच्या भाकरीचा वास आला, की सुरगाण्याची सासू आठवते. बाप्तिस्मा घेतल्यापासून ती गावभर सांगायची, ‘येशूनं मला बदललं.’ मला मात्र सगळ्यांची जेवणं उरकल्यावर करपलेली भाकरीच मिळायची. एकदा पुरुष जेवायला बसलेले असताना तिनं तव्यावरची पहिली भाकरी माझ्या ताटात टाकली. सासरे गुरकावले, ‘आधी सुनेला?’ ती म्हणाली, ‘हां. आजवर माझं चुकलं. आधी तीच खाईल.’ मी तोंडावर म्हणाले, ‘आता कशाला हे नाटक?’ तरी ती मरेपर्यंत पहिली भाकरी मलाच वाढत राहिली. मी तिला अजून माफ केलेलं नाही. पण ती पैशासाठी बाटली असं कुणी म्हणालं, की भांडायला मीच आधी उठते.