तळवड्याचा चढ

फेब्रुवारीत माझे पती वारले. त्यांची सायकल मी वापरायला घेतली. तळवड्याच्या चढावर रोज उतरून ती ढकलावी लागे. दीर म्हणाले, "वहिनी, पेलत नाही तर देऊन टाका." मी देणार नव्हते.

त्या चढावर एक बाई रोज दिसे. अंगात कंपनीचा निळा कोट, हँडलला डबा आणि खाली मुलीची जुनी, लहान चाकांची सायकल. तिचे पाय भराभर फिरत, सायकल जेमतेम सरके. सपाटीवर सगळे तिला मागे टाकत. चढावर मात्र ती कधी उतरली नाही.

एकदा शेजारून जाताना हसली. "ताई, सायकल तुम्हाला नेती का तुम्ही सायकलीला?"

"मोठी चाकं आहेत. सपाटीला पळते, चढावर पायडल हलत नाही. पण ह्यांची आहे, बदलायची नाही."

"मग चाकं राहू द्या की. मागचं, साखळी बसती ते दातेरी चक्र तेवढं मोठं बसवा. पळंल कमी, पण चढंल. आपल्याला कुठं शर्यत लावायचीय?"

रविवारी मी ते बसवून घेतलं. पुढे तिची शिफ्ट बदलली असावी. ती दिसली नाही.

आता सपाटीवर सगळे मला मागे टाकतात. चाकं ह्यांचीच आहेत, आणि चढावर मी उतरत नाही.