बाबांच्या जागी जामीनदार

माझे बाबा जानेफळला शिक्षक होते आणि गावातल्या निम्म्या मारामाऱ्यांचे जामीनदार. ते गेले तेव्हा मी नागपुरात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होते. तेराव्यानंतर लक्षात आलं, बँडवाल्या चाचांना जामीन बाबांचाच होता. त्यांनी एका वरातीत शेजाऱ्याच्या डोक्यात क्लॅरनेट घातली होती. जामीनदार वारला की कोर्ट दुसरा मागतं. मिळाला नाही, तर चाचा पुन्हा तुरुंगात.

मी त्यांच्या घरी गेले.

"चाचा, बुधवारी मेहकरला तारीख आहे."

"कायची तारीख वं? मी तं कवाच सुटलो. पेढे नाही खाल्ले काय तू?"

खाल्ले होते. आमच्याकडे जामीन झाला की माणूस सुटलाच. हार, पेढे, कधी गुलालसुद्धा.

"मग इतके दिवस कोर्टात कशाला जात होतात?"

"गुरुजी नेत होते म्हून. मले वाटे, त्यायले सोबत पाहिजे."

बाबा गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले.

जामीनदार मात्र मिळेना. ज्याच्याकडे जावं तो बाबांची आठवण काढी, चहा पाजी आणि पावसापाण्याचं बोलू लागे. बुधवारी कोर्टात आपणहून पुढे आला तो डोकं फुटलेला शेजारी. न्यायाधीशांनी चष्मा काढला.

"फिर्याद तुमचीच ना?"

"हाव साहेब. पन पोरीचं लग्न तोंडावर आलं. हा आत गेला तं बँड कोन वाजवीन?"

"आणि यांनी पुन्हा डोकं फोडलं तर?"

"नवी क्लॅरनेट हाये साहेब," चाचा मधेच म्हणाले, "थे काऊन खराब करू?"

साहेबांनी हसू दाबत जामीन घेतला.

नागपूरला एका मोठ्या वकिलांकडे माझी जागा ठरलेली होती. त्यांना मी नाही म्हणून कळवलं आणि सरकारला तुरुंग-जामिनाबाबत सूचना करणाऱ्या एका अभ्यासगटाकडे अर्ज केला. मुलाखतीत विचारलं, पहिली सूचना कोणती कराल? मी म्हटलं, जामीन देताना आरोपीला त्याच्या बोलीत सांगा की केस संपलेली नाही, आणि कोणीतरी तारखेच्या आधी त्याच्या घरी जावं. बाबा सायकलवर जायचे, एवढं सांगायचं राहिलं.

निवड झाल्याचा फोन शेजाऱ्याच्या पोरीच्या लग्नाच्या मांडवातच आला. बँडमुळे नीट ऐकूही येईना. मला पाहून चाचांनी वाजवणं थांबवलं.

"बेटा, पुढची तारीख मले पाठ हाये!"

"शाब्बास, चाचा."

"तरी तू येजो. सोबत होते."