बुजवलेला खड्डा

रोह्याहून भावोजींचा फोन आला तेव्हा मी रामवाडीच्या कारखान्यात एका गणपतीची सोंड गुळगुळीत करत होतो. "ताई गेली," एवढंच म्हणाले. झोपेतच... महिना होऊन गेला, पण मला अजून एका जागी बसवत नाही. कारण सांगून टाकतो, उगाच मनात किती दिवस ठेवू?

सुमनताई माझी थोरली बहीण, रोह्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. आमचं घर पेणच्या मूर्तिकारांचं; हिचा जीव मात्र एका एन्झाइमवर. आरएनएच्या विटेतला एक ऑक्सिजन काढून डीएनएची वीट घडवणारं एन्झाइम. "जंतूत हाय, तुझ्यात पण हाय," ती सांगायची. "आतली घडण तीच, वरचा साज बदलत गेला. तुमच्या साच्यासारखं!" एका साच्यातून आम्ही हात नि मुकुट बदलून किती गणपती काढतो, त्यामुळे मला ते झटक्यात कळलं.

गेल्या वर्षी तिनं स्वतः त्या एन्झाइमचा शाडूचा नमुना घडवला. त्यावरून साचा घेऊन मी तीन प्रती काढल्या, साज तेवढा बदलून: एक जंतूची, एक माणसाची, एक त्यांच्या आद्य पूर्वजाची. प्रत्येकीच्या मधोमध खड्डा. मूर्तीला खड्डा म्हणजे खोट! मी शहाणा, वाळलेल्या तिन्ही प्रतींचे खड्डे शाडूनं बुजवले, पॉलिश पेपर मारला आणि ऐटीत रोह्याला पोचवल्या.

ताईनं कपाळावर हात मारला. "अरे मेल्या, खड्डाच बुजवलास? सगळं काम तिथंच तर चालतं!" मग हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन खड्डे तिनं चमच्यानं कोरले. पूर्वज माझ्या हातात दिला. "हा तू उकर. चूक तुझी हाय." मी म्हटलं, "सीझन संपू दे गो ताई..." नंतर तिचा तीनदा फोन आला, तीनदा मी तेच सांगितलं. कसला सीझन नि कसलं काय! आता माझी मलाच लाज वाटते.

परवा बायको वैतागली. "किती येरझाऱ्या घालताय? बसा नि करून टाका." बसलो. पाण्यानं शाडू विरघळतो, म्हणून लेपावर ओलं फडकं टेकवलं, कोरणी लावली, तर माझा लेप अख्खाच सुटून आला. खाली खड्डा जसाच्या तसा. आणि त्याच्या तळाशी, नमुना घडवताना ताईनं दाबलेल्या अंगठ्याच्या रेषा, साच्यातून उतरलेल्या, बारीकसारीक सगळ्या.

ओलं फडकं मी घाईघाईनं लांब भिरकावलं.