मंजूचं गाव ठरेपर्यंत

वाती वळायला बसलं की हात कापसात आणि जीभ मोकळी. मग एकीचा किस्सा संपायच्या आत दुसरीला तिचा आठवतो. जळगावात, पिंप्राळ्यात आमचा सोमवारचा बायकांचा असा एक घोळका होता: मी, समोरच्या चौधरीवहिनी, मागच्या गल्लीतल्या सुमनवहिनी आणि डोळ्यांच्या उपचाराला म्हणून गावाहून येऊन राहिलेल्या माझ्या सासूबाई, म्हणजे अक्का. इतक्या वर्षांचे किस्से साठलेत, पण अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यातले काढले की बाकीचे मागे पडतात. माझ्या मंजूला तेव्हा तीन देशांतून पत्रं आली होती.

मंजू इंग्रजी घेऊन एम.ए. झाली, बी.एड. झाली, शिरपूरला माझ्या बहिणीकडे राहून वर्षभर एका शाळेत रजेच्या जागेवर शिकवून आली. मग कुठल्याशा जाहिराती वाचून तिने गुपचूप अर्ज केले. मस्कत, थिंफू आणि माले. तिन्ही शाळांनी इंग्रजी शिकवायला बोलावलं. करार दोन वर्षांचा. कोणत्या गावी जायचं ते तिने ठरवायचं, आणि मुळात जाऊ द्यायचं का ते आम्ही.

आमचे हे पत्रं वाचून चष्मा पुसत बसले. मंजू शिरपूरला होती तेव्हा दर बुधवारी पत्र टाकणारा हा माणूस. शेवटी म्हणाले, "कानबाई होऊ द्या. मग बघू."

कानबाई म्हणजे आमच्याकडचा देवीचा सण, श्रावणातला. तोवर अडीच महिने होते, आणि आम्ही बायका रिकाम्या थोड्याच बसणार!

*

अक्कांना पहिली शंका वेगळीच होती. वाती वळता वळता त्यांनी विचारलं, "इंग्रजी शिकाडाले त्यास्ले आपलीच पोर का बरं लागस? इंग्रज कोठे गयात?"

मंजूने समजावलं की इंग्रज आता आपल्या घरी गेले, शिकवायला आपल्यासारखे लोक लागतात. अक्कांनी लहानपणी घोड्यावरचा एक गोरा साहेब पाहिला होता, तो त्यांच्या डोळ्यांपुढे आला असावा.

"म्हंजे त्या गयात," त्या म्हणाल्या, "आनि आते त्यासनं काम आपली मंजू करी."

त्या दिवसापासून मंजूकडे त्या जरा दबकूनच बघायच्या.

*

सुमनवहिनी आपल्या भाच्याचा शाळेचा नकाशा घेऊन आल्या. मस्कत लगेच सापडलं. थिंफू सापडलं, तिथला कागद डोंगरांनी तपकिरी झालेला. माले मात्र कुठेच नाही. खाली सगळं निळंच निळं. सुमनवहिनी त्या निळ्यावर नख टेकवून हळूहळू शोधत होत्या. श्रीलंकेपासून निघाल्या, डावीकडे आल्या, थांबल्या.

"छापायचं राहिलंय बाई," त्या म्हणाल्या.

मंजू म्हणाली, "काकू, नख उचला. देश त्याच्या खाली आहे."

खरंच होता. मोहरीच्या दाण्यांसारखे दोन-चार ठिपके. मंजू म्हणाली, तिथे सकाळी चालायला निघालं तर तासाभरात गाव संपतं आणि आपण निघालो तिथेच परत येतो. रस्ता चुकायची सोय नाही. हे सांगताना ती नकाशाकडे बघत नव्हती, आमच्या अंगणातल्या दोरीवर वाळणाऱ्या साड्यांकडे बघत होती. वारा सुटला होता. मला त्या साड्या एकदम शिडांसारख्या वाटल्या.

*

चौधरीवहिनी सावद्याकडच्या, केळीच्या मळ्यातल्या, आणि उपासाच्या बाबतीत फार कडक. त्यांची काळजी संकष्टीची. कॅलेंडरवर चंद्रोदयाच्या वेळा गावागावांच्या दिलेल्या असतात, पण त्यात मस्कत नाही, थिंफू नाही, माले तर नाहीच. मग पोरीने उपास सोडायचा कधी? त्यांनी आमच्या यांना ऑफिसात कुणाला तरी विचारायला सांगितलं. यांनी पाटबंधारे खात्यात विचारलं. तिथे कालव्याला पाणी कधी सुटेल हे ठाऊक होतं, मस्कतला चंद्र कधी उगवेल हे नव्हतं.

दोन सोमवार हाच विषय चालला. तिसऱ्या सोमवारी मंजू आतून म्हणाली, "काकू, चंद्र दिसला की जेवेन मी."

चौधरीवहिनी वात हातात धरून तशाच थांबल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "खरंच की हो. आपण इतकी वर्षं कॅलेंडरच बघतोय."

*

तिन्ही पत्रं मी देवघरात ठेवली होती, बाळकृष्णाच्या पाटाशी. आता देवघरात जे असेल त्याला रोज हळदीकुंकू वाहायचं, ही माझी सवय. हात आपोआप जातो. एकदा तर यांचा चष्मा तिथे राहिला होता, त्यालाही वाहिलं.

महिन्याने मंजूने पत्रं काढली. मस्कतचं जरा पिवळं झालं होतं, मालेच्या पत्रावरच्या माशाच्या तिकिटाला कुंकू लागलं होतं. थिंफूच्या पत्रात मात्र उत्तर कोणत्या तारखेच्या आत पाठवायचं, ती तारीखच लाल झाली होती. उजेडात धरलं, उलटं करून बघितलं. महिना दिसेना, आकडा दिसेना. मला रडूच आलं. पोरीच्या नशिबाला मीच झाकलं, असं वाटलं.

यांनी पत्र हातात घेतलं, पाहिलं, घडी घालून ठेवलं. म्हणाले, "रडतेस काय? देवाने मुदत वाढवून दिली."

*

मी रोज दुपारी डोळे मिटून एकेका गावात जाऊन यायची. थिंफूला ढग अंगणात उतरायचे आणि मंजू शाल घेऊन शाळेत जायची. मस्कतला पांढरी घरं आणि मऊ ऊन. माले सगळं निळं. कुठेही मंजू उदास दिसायची नाही, हे एक बरं होतं. डोळे उघडले की कुकरची शिट्टी, आणि मंजू समोर तांदूळ निवडत बसलेली.

*

आषाढातल्या एका सोमवारी चौधरीवहिनींनी सहज सांगितलं की त्यांनी मस्कतसाठी सोळा सोमवार धरलेत. त्यांचा मावसभाऊ तिथे आहे, पोर एकटी पडणार नाही. सुमनवहिनींचा चेहरा पडला. त्यांनी थिंफूसाठी एकवीस चतुर्थ्या बोलल्या होत्या. तिथे म्हणे डोंगरावर डोंगर, देव जवळ. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. महादेव एकीकडे, गणपती दुसरीकडे, बाप-लेकांत जुंपली म्हणायची.

"मंजूची आई, तुम्ही कशासाठी नवस बोललात?" चौधरीवहिनींनी विचारलं.

मी वात वळत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं. मंजूही दारात येऊन उभी राहिली. खोटं बोलायचं तर हातात देवाचा कापूस.

"सप्तशृंगीला बोलले आहे," मी म्हटलं. "धुळ्यासाठी."

धुळं माझं माहेर. तिथल्या एखाद्या कॉलेजचं पत्र यावं, एवढंच मागितलं होतं. कुणी हसलं नाही. मंजू माझ्याशेजारी येऊन बसली आणि कापूस पिंजायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, धुळ्याला मी अर्जच केला नाहीये गं."

*

धुळ्याचं पत्र आलं नाही. श्रावण आला. ऑगस्टअखेर मस्कत आणि मालेला उत्तर जायला हवं होतं. आम्ही कानबाईला गावी गेलो, नरडाण्याला, थोरले दीर नानांच्या घरी.

कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, गहू काढायची आमच्या घरची रीत अशी: घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. एक भरून, वर पाव. मूठ टाकताना नाव घ्यायचं आणि तो राहतो ते गाव सांगायचं, म्हणजे कानबाईने कुठे लक्ष ठेवायचं ते तिला कळतं. मूठ अक्का टाकतात. त्या रोटांतलं घरच्यांखेरीज कुणाला द्यायचं नाही.

अक्का पाटावर बसल्या, समोर गव्हाचं सूप आणि रिकामी परात. सगळं घर भोवती. नाना, नरडाणा. आमचे हे, जळगाव. नानांचा मोठा, सुरत. धाकटा, नाशिक. तान्ह्या नातवाचीसुद्धा झाली. नाना सूप उचलायला वाकले.

अक्कांनी पुन्हा हात घातला. मूठ भरून वर धरली. "मंजू," त्या म्हणाल्या.

नाना म्हणाले, "अक्का, पोरीनी मूठ नही ऱ्हास."

"लगीन करीसन गई ते तिनी मूठ तथली, सासरनी," अक्का म्हणाल्या. "नोकरीले गई ते आठली, आपला घरनी."

नाना सुपापासून मागे सरकले. हे खाली मान घालून बसले होते. त्यांनी मान वर केली, नानांकडे नाही, मंजूकडे बघितलं आणि हळूच मान हलवली. अक्कांच्या बोटांतून दोन-तीन दाणे निसटून परातीत टणटण वाजले.

"गाव सांग, बाय. हात दुखस मना."

मंजूने माझ्याकडे पाहिलं. मग सरळ अक्कांकडे बघून म्हणाली, "माले."

अक्कांनी ते कुठे आहे हे विचारलं नाही. कानबाई म्हणून मांडलेल्या नारळाकडे तोंड करून त्यांनी नाव घेतलं, "मंजू, माले," आणि मूठ सोडली. मग सूप माझ्याकडे सरकवलं.

"पाव तू टाक. तिनी माय शेस तू."

मी हात घातला, मावेल तेवढा भरला आणि परातीवर मोकळा केला. अक्कांचे डोळे अधू, पण परातीकडे त्या वाकून बघत राहिल्या.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "हाई पाव मूठ शे?"