गाडीतला जप

नेपरव्हिलहून शिकागोला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत तो रोज माझ्यासमोर बसायचा. पन्नाशी उलटलेला, धिप्पाड, डोक्यावर लाल लोकरी टोपी. डोळे मिटलेले, ओठ पुटपुटत असायचे आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत असायचा. माझी आई अगदी असाच जप करायची. त्यामुळे मी त्याला मनोमन भक्त ठरवून टाकलं. त्याच्यासमोर फोनवर मोठ्यानं बोलायचाही मला संकोच वाटे.

एकदा बर्फामुळे गाडी खोळंबली, तेव्हा धीर करून विचारलं, "कुणाचं नाव घेता?"

तो इतका हसला की अख्खा डबा वळून बघायला लागला. "माझंच! रॅपर आहे मी. प्रत्येक गाण्यात आधी स्वतःचं नाव. सुरुवात केली तेव्हा दुसरं कोण घेणार होतं?"

विशीत त्याचं एक गाणं रेडिओवर गाजलं होतं. मग रेकॉर्ड कंपनीनं त्याला वाऱ्यावर सोडलं. त्यानं नोकरी धरली, मुलं वाढवली, पण गाणं सोडलं नाही. पेरांवर तो ताल धरायचा.

"शनिवारी शो आहे, या."

घरी माझी बायको म्हणाली, "रॅप? मी कानात कापूस घालून बसेन हं." पण आली.

हॉल छोटासाच, पण गच्च भरलेला. पहिलं गाणं संपताच लोकांनी त्याच्या नावाचा गजर सुरू केला. बायको तर हात उंचावून सगळ्यांच्या वर ओरडत होती. माइक लोकांकडे धरून तो नुसता हसत उभा होता. मी त्याच्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं.

अंगठा थांबला होता.