उघडी खिडकी

आमच्या टायपिंगच्या बाईंच्या क्लासात शिरताना चपला आणि लोहचुंबक, दोन्ही बाहेर ठेवावी लागत. पर्सला चुंबकाचं बटण असलं तर पर्सही पायरीवर. चुंबक जवळ आलं की फ्लॉपी, म्हणजे धडे साठवायची चौकोनी चकती, पुसली जायची. कुणी कुरकुरलं की बाई म्हणायच्या, "पर्स गेली तर दुसरी येती. माझी फ्लॉपी गेली तर तू देतीस का?"

वसमतच्या बसस्टँडमागे एका खोलीत त्यांचे दोन कॉम्प्युटर होते. बाईंचा दुसरा जाच खिडकीचा. फ्लॉपीच्या कोपऱ्याला नखाएवढी सरकती खिडकी असते. ती उघडी असली की फ्लॉपीवर लिहिताही येत नाही, पुसताही येत नाही. आम्ही पोरी धूळ जाईल म्हणून ती हटकून लावायचो. बाई कपाळावर हात मारायच्या. "अगं, घराची खिडकी हाय का ती? उघडी ऱ्हाऊ दे!"

आमच्यासाठी मराठी टायपिंगचा धडा त्यांनी स्वतः रचला होता. मशीनला मराठी येत नव्हतं, म्हणून एकेक अक्षर आलेखाच्या वहीत ठिपक्यांनी काढून मग मशीनमध्ये भरलेलं. त्याची एकच फ्लॉपी उरली होती.

गेल्या महिन्यात बाई ती घेऊन माझ्या फॉर्म भरायच्या दुकानात आल्या. काचबिंदूनं नजर निम्मी गेलेली. सोमवारी भाऊ त्यांना कायमचं नागपूरला नेणार होता. "दिसून राहिलंय तवर एकदा बघू दे, लेकरा."

माझ्याकडे काडेपेटीएवढा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा चिमुकला कॉम्प्युटर होता, जुन्या कॉम्प्युटरचं हुबेहूब सोंग आणणारा. फ्लॉपीची जशीच्या तशी नक्कल दुकानातल्या कॉम्प्युटरवरून मेमरी कार्डावर उतरवून त्याला द्यायची, एवढंच काम. पण कॉम्प्युटरला जोडलेल्या जुन्या फ्लॉपी-ड्राइव्हमध्ये फ्लॉपी घातली आणि ती खरखरू लागली. बाईंचे डोळे आधी दगा देतात की फ्लॉपी, देव जाणे!

स्क्रीनवर काहीतरी प्रश्न आला. दिवसभर फॉर्म भरणारी मी. मशीननं विचारलं की 'हो' म्हणायची सवय. दोनदा 'हो' दाबलं आणि मग वाचलं: फ्लॉपी वाचता येत नाही, पूर्ण पुसायची का?

बाईंना सांगायचं कोणत्या तोंडानं? तेवढ्यात मशीननंच कळवलं, पुसता येत नाही, फ्लॉपीला लिहायची बंदी आहे.

"काहून गप झालीस?"

मी रडतच सगळं सांगितलं. बाईंनी नुसतं विचारलं, "खिडकी उघडी हाय ना? मग रडून काय राहिलीस? वाच पुन्हा."

तिसऱ्या खेपेला नक्कल पुरी उतरली. कार्ड त्या सोंगाड्यात घातलं, त्याला टीव्ही जोडला. काळ्या पडद्यावर ठिपक्यांची हिरवी अक्षरं उमटली. बाई नाक टेकेपर्यंत पुढे वाकल्या आणि स्वतःचंच वाक्य अडखळत वाचू लागल्या: "आधी पाठ ताठ कर. मग सुरू कर."

आणि वाकलेल्या बाई खुर्चीत हळूहळू ताठ बसल्या.