तळ्याकाठचे तीन दगड

पत्नी गेल्यानंतर दर रविवारी सकाळी मी एकटाच शेंद्र्याच्या पुढच्या एका पाझर तलावावर पक्षी बघायला जाऊ लागलो. आधी आम्ही दोघे जायचो. दुर्बीण तिच्या गळ्यात, वही माझ्याकडे. आता घरात बसवत नव्हते म्हणून जायचो, एवढेच. गुडघे फार वेळ उभे राहू देत नाहीत. पावसाळा संपल्यावर बाभळींत पडलेले तीन सपाट दगड काठावर आणून मी बसायला जागा केली होती.

थंडीतल्या एका सकाळी डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई समोर येऊन उभी राहिली. चाळिशीची असावी. इथे बसू नका, म्हणाली. असे हटकणारे पूर्वीही भेटले होते. कुणाला मी मोजणीवाला वाटलो, कुणाला जमिनीचा दलाल. मी वहीतली पक्ष्यांची नावे दाखवली. तिने तिकडे पाहिलेही नाही. मग मी चिडलो. तलाव सरकारी आहे, असे तिला ऐकवले.

"तळं सरकारचंच हाय," ती म्हणाली. "दगड आमचे हायेत. कुठून उचलले?"

"असे शंभर पडलेत की, बाई."

"कुत्र्यांनी उकरू नये म्हणून ठेवले होते, साहेब. खाली माझं लेकरू हाय."

मी उठलो. तिने भारा खाली टाकला आणि थांबत थांबत सांगितले. लेकरू बारा दिवसांचे होते. एवढ्या लहानाला जाळत नाहीत. सासऱ्यांनी एकट्यांनीच नेऊन पुरले. बाळंतिणीला कोण नेणार? पुढे त्यांनी हे दगड लांबून दाखवले, तेवढीच तिची खूण. सासरे आता नाहीत. गवताला आली की ती तिथे घटकाभर बसायची. मधले काही महिने आईच्या दुखण्यामुळे माहेरी राहिली होती; परतली तर पावसात माजलेल्या गवतात दगडांवाचून जागा ओळखू येईना.

"तेवढी जागा दाखवा," ती म्हणाली.

आम्ही बाभळींत गेलो. वाळलेले गवत सगळीकडे सारखेच आडवे पडले होते. दगड कुठून उचलले ते मला आठवेना. पत्नीची रक्षा पैठणला गोदावरीत सोडली तेव्हा मी स्वतः पाण्यात उभा होतो. ही बाई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"इथून," मी म्हणालो आणि दोन झाडांच्या मधे बोट दाखवले.

"नक्की ना?"

"हो."

तिन्ही दगड तिने एकेक करून वाहून आणले. मला हात लावू दिला नाही. शेवटचा ठेवून ती शेजारी टेकली, पदराने कपाळ पुसले.

"बरं झालं साहेब," ती म्हणाली, "तुमच्या ध्यानात राहिलं."